मुदतीबाहेर

“अर्ज बंद करनारी मॅडम कोन हाये इथं?”

दारात उभ्या राहिलेल्या बाईने असं विचारलं, तेव्हा ऑफिसातल्या आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अमरावतीत एका फर्निचरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जिना चढून कोणी आलंच, तर दिवाणाचा भाव विचारायला यायचं. ही बाई मात्र कपाळावरचा घाम पदराने टिपत थेट आत आली. हातातला चिटोरा तिने माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर निळ्या शाईत आमच्या कंपनीचं नाव आणि पत्ता होता.

“कॉम्प्युटरवर अर्जाच्या पानाखाली हे लिहिलेलं होतं,” तिच्यामागे उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली. “म्हणून उतरवून घेतलं.”

बाईचं नाव इंदूबाई अरबट. दर्यापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. मुलगी शीतल, नुकतीच बारावी झालेली, अठ्ठ्याहत्तर टक्क्यांची. अंबागौरी शिक्षण मंडळाच्या नर्सिंग कॉलेजचे अर्ज त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर भरायचे होते आणि ते संकेतस्थळ आम्हीच बनवलं होतं. शेवटची तारीख होती शुक्रवार, तेरा जुलै, संध्याकाळी पाच. मायलेकी आमच्याकडे आल्या तो सोमवार होता.

“मावशी, मुदत शुक्रवारी संपली,” मी म्हटलं. “उशीर झाला हो तुम्हाला.”

“उशीर कायचा? शुकरवारी दुपारी बाराच्या आत होती ना पोरगी तिथं! दाखला गुरुवारी भेटला तहसीलातून. शुकरवारी म्या शाळेतून सुट्टी काढली, हिच्यासंग कॅफेत बसली. हिनं समदं भरलं. अन् ते मशीन म्हने मुदतीबाहेर.”

“बारा वाजता?”

“पावणेबारा,” शीतल म्हणाली. “बटन पांढरं पडलेलं होतं मॅडम. दाबलंच जात नव्हतं. मी तीनदा पहिल्यापासून भरलं.”

“एखाद्या वेळी होतं असं,” मी म्हटलं. खोटं बोलले. असं होत नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते बटण बंद करणारं फंक्शन मी लिहिलं होतं.

ते काय होतं ते सांगते. आमच्याकडे प्रत्येक संकेतस्थळासाठी पानांचे साचे असायचे. साच्यात नाव, गाव, गुण भरायच्या चौकटी. पण पान नुसतं दिसून भागत नाही, त्याने वागावंही लागतं. पिनकोडात अक्षर टाइप केलं तर अडवायचं, जिल्हा निवडला की तालुके दाखवायचे. या वागण्यासाठी पानासोबत स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, पाठवावी लागते, आणि ती वापरणाऱ्याच्या मशीनवर चालते. आमची पोरं ती प्रत्येक पानात हाताने लिहायची, दर वेळी वेगळी आणि दर वेळी थोडी चुकीची. वैतागून मी एका फाइलीत बावीस छोटी मदतनीस फंक्शन्स लिहून ठेवली. साच्यात फंक्शनचं नाव टाकायचं, एक ओळ, की स्क्रिप्ट आपोआप पानात जाऊन बसायची. त्यातलंच एक होतं ‘मुदत’. पहिली तारीख द्या, शेवटची द्या, त्याच्या बाहेर कोणी आलं तर बटण बंद आणि वर लाल अक्षरांत ‘मुदतीबाहेर’. तासाभरात लिहिलं होतं मी ते. प्रफुल्ल गावंडे सर, म्हणजे आमचे मालक, गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचे, “आमच्या सुकेशिनीची पेटी आहे, त्यात सगळं मिळतं.” मलाही ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू?

“या वर्षी नाई झालं तर मंग नाईच होत,” इंदूबाई म्हणाल्या. “हिची मावशी अमरावतीले राह्यते, तिच्याकडे हिची सोय हाये. मावशीचा नवरा एसटीत. दोन वर्षं बदली नाई म्हनते, मंग जाईन कुठं तरी. होस्टेल आपल्याले झेपत नाई बाप्पा. तुमी बंद केलं ना? मंग तुमीच उघडा.”

मी नंबर लिहून घेतला आणि त्यांना खाली सोडून आले. मग सर्व्हरवरची नोंद काढली. कोणतं पान कुठून किती वाजता उघडलं ते तिथे लिहिलेलं राहतं. शुक्रवारी अकरा चव्वेचाळीसला दर्यापूरहून अर्जाचं पान उघडलेलं होतं. पुन्हा अकरा छप्पन्नला. पुन्हा बारा दहाला. पोरगी शब्दागणिक खरं बोलत होती. त्याच ठिकाणाहून आठवडाभरात ते पान चाळीसेक वेळा उघडलं होतं आणि अर्ज आला होता शून्य. असंच आणखी चार ठिकाणी. अंजनगाव, मोर्शी, धारणी, धामणगाव.

मी कागद घेऊन गावंडे सरांकडे गेले.

“उघडलं असेल. भरलं नसेल,” ते म्हणाले.

“चाळीस वेळा उघडून एकानेही भरलं नाही, सर?”

“सुकेशिनी, गुणवत्ता यादी परवा लागते. मंडळाचे मोहोड साहेब खूश आहेत. मंडळाची अजून अकरा कॉलेजं आपल्याकडे यायची आहेत. हे खाजवून कशाला काढतेस?”

दुसऱ्या दिवशी आजारी आहे असं कळवून मी सकाळची दर्यापूर एसटी पकडली.

कॅफे बसस्टँडसमोरच होता. चार मशिनं, मध्ये प्लायवूडच्या फळ्या. लाइट नव्हती. मालक बाहेर स्टूल टाकून बसला होता आणि लोडशेडिंगवर मनापासून शिव्या देत होता. अकराला लाइट आली. मी शीतल बसलेल्या मशीनपुढे बसले आणि मशीन सुरू केलं. उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळ दिसत होतं. बारा वाजून तीन मिनिटं, रात्रीचे. मी त्यावर माऊस नेला. तारीख उमटली, एक जानेवारी २००२.

“दादा, ही तारीख?”

“ते तसंच राह्यते हो. आतला सेल मेला हाये. लाइट गेली का इसरते मशीन. चारीचं तसंच हाये.”

“सेल बदलत नाही तुम्ही?”

“काऊन बदलू? गाणी वाजते, गेम चालते, मेल जाते. तारीख पाह्याले कोन येते इथं? कॅलेंडर हाये ना भिंतीवर.”

होतं खरंच. भिंतीवर, गणपतीचं.

मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या फंक्शनने तारीख सर्व्हरला विचारलीच नव्हती. विचारली होती समोरच्या मशीनला, आणि या मशीनला लाइट गेली की साल आठवत नव्हतं. त्याच्या हिशेबी अर्ज सुरू व्हायलाच अजून साडेपाच वर्षं होती आणि शीतल अरबट बारा वर्षांची होती. ‘आधी आलात’ आणि ‘नंतर आलात’ या दोन्हींसाठी मी एकच शब्द लिहिला होता, मुदतीबाहेर. वेगळा शब्द लिहायचा कंटाळा केला होता. आमच्या ऑफिसात इन्व्हर्टर होता, मशिनं नवी होती, सेल ठणठणीत. तिथे बसून मी शंभरदा तपासलं आणि शंभरदा बरोबर आलं.

लाज वाटली. मालकाने आणलेला चहा मी बाजूला सरकवला.

मग मी त्याची नोंदवही मागितली. तेव्हा पोलिसांच्या नियमाने प्रत्येक कॅफेत वही असायची. नाव, पत्ता, कधी बसले, कधी उठले. मी वहीत आणि सर्व्हरच्या यादीत वेळा जुळवत गेले. अकरा मुली निघाल्या. अकराही जणींनी मुदतीत अर्ज भरला होता आणि माझ्या लाल अक्षरांवर विश्वास ठेवून त्या घरी गेल्या होत्या. एक इंदूबाई तेवढ्या भांडायला आल्या होत्या.

दुपारी ऑफिसात आले. फंक्शन दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. मग सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

“दुरुस्त केलंस ना? झालं तर मग. आता विसरून जा.”

“आणि त्या मुली?”

“पुढच्या वर्षी भरतील.”

“सर, चूक आपली आहे.”

“चूक तुझी आहे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “मी ती पोटात घालतोय. उपकार समज.”

सरांनी मला नोकरी दिली तेव्हा माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. सहा महिने त्यांनी मला ऑफिसची चावी दिली होती, सकाळी लवकर येऊन शिकत बस म्हणून. हे मी विसरले नव्हते आणि आजही विसरलेले नाही. म्हणून त्या संध्याकाळी गप्प बसले.

बुधवारी सकाळी मोहोड साहेबांचा फोन आला. मंडळाचे सचिव. कोणी एक बाई सकाळी आठपासून कार्यालयाच्या पायरीवर ठाण मांडून बसली आहे, मुलीला घेऊन. उठ म्हटलं तर उठत नाही. पेपरवाला येऊन फोटो काढून गेला. कॉम्प्युटरवाल्यांनी ताबडतोब यावं.

“तू चल,” सर म्हणाले. “मशीन चालवायचं, विचारलं तेवढं दाखवायचं. बोलेन मी.”

मोहोड साहेबांची खोली मोठी, टेबल त्याहून मोठं. त्यावर नवाकोरा कॉम्प्युटर, अजून कडेला प्लास्टिक चिकटलेलं. इंदूबाई आणि शीतल भिंतीशी उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

“बोला गावंडे,” साहेब म्हणाले. “ही बाई म्हणते, वेळेत आली होती.”

“शक्य नाही साहेब. आपली यंत्रणा मिनिटाला पक्की आहे. मुदतीतला अर्ज अडत नाही आणि मुदतीनंतरचा घुसत नाही.”

“ऐकलं बाई? मशीनला काय, तुमच्याशी दुश्मनी आहे का?” साहेब हसले. “खेड्यातल्या पोरींचं असंच असतं. महिनाभर झोपायचं, शेवटच्या दिवशी जागं व्हायचं आणि मग रडत यायचं.”

इंदूबाईंनी तोंड उघडलं, पण शीतलने त्यांचा हात दाबला. ती स्वतःच बोलली, खाली बघत. “जाऊ द्या ना आई. माझंच काही चुकलं असन.”

आज सतरा वर्षं झाली, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. माझे वडील टपाल खात्यात शिपाई होते. कुठे काही हरवलं, फाटलं, उशीर झाला, की पहिलं बोट त्यांच्याकडे वळायचं, आणि ते घरी येऊन असंच म्हणायचे, माझंच काही चुकलं असेल. लहानपणी मला त्या वाक्याचा राग यायचा. त्या खोलीत तोच राग डोक्यात गेला.

“साहेब, दाखवू का?” मी म्हटलं.

सर वळले. “सुकेशिनी.”

“दाखवते फक्त. संकेतस्थळावर अजून शुक्रवारचंच पान ठेवलं आहे. दुरुस्त केलेलं मी चढवलेलं नाही.”

साहेब खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. मी टेबलाला वळसा घालून गेले, त्यांच्या मशीनची तारीख बदलून एक जानेवारी २००२ केली आणि अर्जाचं पान उघडलं. लाल अक्षरं आली. मुदतीबाहेर.

“दर्यापूरच्या कॅफेत हे असं आहे. मशीनचा सेल मेलेला, लाइट गेली की तारीख मागे जाते. माझ्या फंक्शनने त्या मशीनच्या तारखेवर विश्वास ठेवला. ही मुलगी वेळेतच आली होती.”

“तुमच्या फंक्शनने?”

“हो. मी लिहिलंय.”

गावंडे सर टाय सैल करत होते.

“आता दुसरी बाजू,” मी म्हटलं आणि मशीनची तारीख तेरा जुलै केली, दुपारी बारा. पान पुन्हा उघडलं. बटण निळं झालं. “शीतल, इकडे ये. बस.”

ती साहेबांच्या खुर्चीकडे पाहत राहिली.

“बस गं.”

ती कडेला टेकली. मग टाइप करू लागली. तीनदा भरलेला अर्ज तिला पाठ होता. नाव, गाव, गुण, दाखल्याचा क्रमांक. साहेब खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांना वाटत होतं, हे प्रात्यक्षिक आहे. गावंडे सरांना मात्र समजलं. ते दोन पावलं पुढे आले, पण तोवर मी शीतलला म्हटलं, “दाब.”

तिने बटण दाबलं. पानावर आलं, तुमचा अर्ज स्वीकारला आहे, आणि खाली क्रमांक, ४१८.

“हे काय केलंत?” साहेब म्हणाले.

“अर्ज भरला, साहेब. सर म्हणाले ना, मुदतीनंतरचा घुसत नाही? घुसला. मशीनची तारीख मागे केली की कोणाचाही घुसतो. म्हणजे तुमच्या यादीत उशिरा येऊन घुसलेले असू शकतात आणि वेळेत आलेल्या या पोरी बाहेर आहेत.”

“काढून टाका तो.”

“काढता येतो. अर्जांच्या यादीत नावासमोर ‘रद्द’ म्हणून आहे, तिथे दाबायचं. पण ते तुमच्या नावाने उघडतं, मला नाही करता येत. आणि कारण विचारतं. कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.”

मी शीतलला उठवलं, खुर्ची त्यांच्यासाठी सरळ केली आणि माऊस त्यांच्या बाजूला सरकवला.

“लिहा ना साहेब,” इंदूबाई भिंतीपासून म्हणाल्या. “काय लिहिता ते म्या पाह्यतो. मले वाचता येते.”

साहेब बसले. माऊसवर हात ठेवला. यादी उघडून शीतलच्या नावासमोरचं ‘रद्द’ दाबलं. कारणाची रिकामी चौकट उघडली. त्यांनी दोन अक्षरं टाइप केली, पुसली. पंखा गरगरत होता. शेवटी त्यांनी ती चौकट बंद केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “अशा किती आहेत?”

“एकट्या दर्यापुरात अकरा. बाकी चार गावं आहेत. पन्नासच्या वर असतील.”

“गावंडे,” ते म्हणाले, “तुम्ही तर मिनिटाला पक्की म्हणत होता.”

त्या दिवसापासून आणखी दहा दिवसांची मुदत मिळाली. साहेबांचं मन द्रवलं वगैरे मी म्हणणार नाही. पेपरवाला फोटो काढून गेला होता, आणि उशिरा घुसलेल्यांची यादी तपासली तर त्यात कोणाकोणाची भाचरं निघतील ही धास्ती त्यांना जास्त होती. त्यांच्या मनात काय होतं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

जिन्यात सर थांबले. “मी सांगितलं होतं, बोलेन मी.”

“हो सर.”

“एकदा साहेबांना लेखी माफी दे. सगळ्यांसमोर त्यांना तोंडघशी पाडल्याबद्दल. नोकरी राहील तुझी.”

“चूक केल्याची माफी आत्ता लिहून देते. दाखवल्याची नाही देणार.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत,” मी म्हटलं. दुरुस्त केलेली फाइल संध्याकाळी चढवून दिली, ड्रॉवर रिकामा केला आणि घरी जाऊन ढसाढसा रडले. माफीचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.

शनिवारी पेपरात मंडळाची जाहिरात आली, आतल्या पानावर, बोटभर. ‘तांत्रिक कारणास्तव मुदतवाढ.’ ती वाचून माझं डोकं पुन्हा तापलं. कोणाचं कारण, कसलं कारण, काही नाही. त्या पन्नास घरांत कोणी ती जाहिरात वाचलीच, तरी तिथली मुलगी काय समजणार? आपल्याला उशीर झाला होता आणि आता मोठ्या लोकांनी दया केली, एवढंच.

नोकरी नव्हती, त्यामुळे वेळच वेळ होता. सोमवार ते बुधवार मी एसटीने उरलेली चारही गावं केली. कॅफेवाल्यांना वह्या मागितल्या. धारणीचा मालक हुज्जत घालायला लागला, तर त्याच्या दुकानात ठिय्या दिला. चार वह्यांत एकेचाळीस नावं सापडली, दर्यापूरची अकरा होतीच. वडिलांना बावन्न पोस्टकार्डं एकदमच आणायला सांगितली. “एवढी कार्डं कोणाला?” त्यांनी विचारलं. सांगितल्यावर चष्मा लावून माझ्यासमोर बसले आणि पत्ते लिहू लागले. टपालातला माणूस, पत्ता कसा लिहायचा ते त्यांना नीट माहीत होतं.

शीतलचं नाव गुणवत्ता यादीत नववं लागलं. बाकीच्या किती जणींनी अर्ज भरला ते मला कधीच कळलं नाही. मजकूर मात्र बावन्नही कार्डांवर मी माझ्या हाताने लिहिला. अठ्ठावीस जुलैपर्यंत अर्ज भरता येईल, चूक मशीनच्या तारखेवर विसंबणाऱ्या फंक्शनची होती, ते फंक्शन मी लिहिलं होतं, आणि खाली माझं पूर्ण नाव, सुकेशिनी तायडे. पण हे सगळं नंतर. पहिली ओळ प्रत्येक कार्डावर एकच होती, जरा मोठ्या अक्षरांत.

तुम्हाला उशीर झाला नव्हता.